हॉल वाढला, पॉलिसी तेवढीच

घराचं काम काढायचं ठरलं की आपण कुणाकुणाला कळवतो ते बघा. वास्तुवाल्याला कळवतो, कारण ओट्याचं तोंड कुठे करायचं हे त्याने सांगितल्याशिवाय गवंडी छन्नी उचलत नाही. बायकोच्या माहेरी कळवतो, कारण धूळ उडायला लागली की मुलांना घेऊन तिथेच मुक्काम टाकायचा असतो. शेजाऱ्यांना लिफ्टमध्ये चिकटवलेल्या कागदावरून कळवतो, 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत', खाली सही नाही. सोसायटीला अर्ज देतो, त्यात 'किरकोळ दुरुस्ती' एवढंच लिहितो आणि मग दीड महिना ब्रेकर चालतो. काम संपल्यावर तर अख्ख्या जगाला कळवतो: आधीचा फोटो डावीकडे, नंतरचा उजवीकडे, मधे बाण.

विमा कंपनीला कळवलं असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

एक कारण असं की आपला विमा आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. कर्ज घेताना बँकेने जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे तिथे आपण सह्या केल्या, त्यात एक सही विम्याचीही होती. फाइल काढून बघावं तर आतून निघते ती कर्जाच्या आयुर्विम्याची पॉलिसी. कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज कंपनी फेडेल. म्हणजे माणूस गेला तर कर्ज फिटणार, घर गेलं तर हप्ते चालू राहणार. काहींच्या फाइलमध्ये खरोखर घराचीही पॉलिसी सापडते, पण ती कर्जाच्या रकमेपुरती आणि भरपाईवर पहिला हक्क बँकेचा. घरमालकाचा हक्क ब्रेकरचा आवाज ऐकण्यापुरता.

आता ज्यांच्याकडे घराची धड पॉलिसी आहे, त्या थोड्या पुण्यवंतांकडे वळू. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सर्वसाधारण विमा कंपन्यांना राहत्या घरांसाठी एकाच साच्याची पॉलिसी ठेवायला लावली. नाव 'भारत गृह रक्षा'. नाव ऐकून वाटतं तिची नेमणूक सीमेवर असावी. पण वाचायला घेतली तर पॉलिसी वाईट नाही. आग, स्फोट, वीज, भूकंप, ज्वालामुखी, वादळ, पूर, त्सुनामी, दरड, दंगल, दहशतवाद, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, बाहेरून गाडी नाहीतर झाड येऊन आदळणं, सगळं तिच्यात आहे. क्षेपणास्त्राच्या चाचणीत घराचं नुकसान झालं तर त्याचीही सोय आहे. क्षेपणास्त्र आहे, फक्त तुमचा कारपेंटर नाही.

या पॉलिसीत घराची किंमत कशी धरतात, ते आधी सांगतो, कारण इथेच हॉलमध्ये बसलेल्या पाहुण्यांचे चेहरे पडतात. फ्लॅट सव्वा कोटीचा आहे, असं आपण म्हणतो. सव्वा कोटीतला मोठा वाटा जमिनीचा, स्टेशन जवळ असल्याचा आणि बिल्डरच्या जाहिरातीतल्या कारंज्याचा असतो. जमीन जळत नाही, स्टेशन तर आपलं नाहीच. विम्यात धरतात तो फक्त पुन्हा बांधायचा खर्च: चटई क्षेत्र गुणिले त्या ठिकाणचा बांधकामाचा दर. समजा चटई क्षेत्र ५२० चौरस फूट आणि दर २,५०० रुपये. झाले १३ लाख. घरातल्या वस्तूंसाठी या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांच्या वर नाही, एवढं आपोआप मिळतं. म्हणजे इथे २ लाख ६० हजार.

आता इंटिरियर डिझायनरबाईंचं अंदाजपत्रक काढा. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, हॉलभर इटालियन मार्बल, टीव्हीच्या मागे लाकडी पट्ट्यांची भिंत (ती का असते हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही), दोन्ही बेडरूममध्ये छतापर्यंत वॉर्डरोब. एकूण १८ लाख. कागदावर १३ लाखांचं असलेलं घर १८ लाखांनी सजवलं आणि कागद होता तसाच ठेवला. घराचा मुकुट घरापेक्षा महाग झाला, आणि उद्या आग लागली तर कंपनी डोकं मोजून पैसे देणार. या पॉलिसीत एक दिलदारपणा जरूर आहे: विम्याची रक्कम कमी धरली म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापायची नाही. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत घर निम्म्या किमतीवर विमा केलेलं असलं तर भरपाईही निम्मीच हातात पडायची. ती कापाकापी गेली. पण कमाल मर्यादा कुठे जाणार? रकमेच्या वर छदाम नाही. मुदत एका वर्षापेक्षा जास्त असेल तर दरवर्षी विम्याची रक्कम १० टक्क्यांनी आपोआप वाढते, तीही जादा हप्ता न घेता. पण ती वाढ सिमेंट आणि लोखंडाच्या महागाईसाठी आहे. इटलीसाठी नाही.

आता बाल्कनीकडे.

मुंबई-पुण्यात बाल्कनी ही बिल्डरने आपल्याला तात्पुरती वापरायला दिलेली भिंत आहे, अशी समजूत आहे. ताबा मिळाल्यावर पहिलं काम म्हणजे ती हॉलमध्ये ओढणं. महापालिकेचे नियम, मंजूर नकाशा वगैरे गोष्टी मी काढत नाही, कारण वाचकांतले निम्मे आत्ता त्याच बाल्कनीत बसून हे वाचत असणार. मी फक्त पॉलिसीचं काढतो. त्यात एक कलम आहे: घराच्या बांधकामात भर घालून, वाढवून किंवा फेरफार करून चटई क्षेत्र सुरुवातीच्या, नाहीतर नूतनीकरणाच्या दिवशीच्या क्षेत्रापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वाढवलं, तर त्या वाढीला संरक्षण नाही. जादा हप्ता भरून पॉलिसीला पुरवणी कागद जोडून घेतला, ज्याला एजंट एंडोर्समेंट म्हणतात, तरच आहे.

दहा टक्के ऐकून लोक निश्चिंत होतात. आपण कुठे मजला चढवलाय! पण चटई क्षेत्राची व्याख्या वाचा. खोल्यांचं क्षेत्र पूर्ण धरतात. बाल्कनी, व्हरांडा, गच्ची यांचं मात्र फक्त पाव धरतात. मघाचाच फ्लॅट घेऊ. खोल्या ५०० चौरस फूट, बाल्कनी ८०. बाल्कनीचे पाव म्हणजे २०, एकूण ५२०. आता भिंत पाडली, बाल्कनी हॉलमध्ये आली, ८० चे ८० खोलीत जमा. एकूण ५८०. वाढ ६० ची, म्हणजे साडेअकरा टक्के. घराबाहेर एक वीटही न लावता, फक्त एक भिंत काढून तुम्ही दहाची रेघ ओलांडली. सोफा सरकवायला जागा झाली आणि सोफ्याखालची जमीन विम्यातून गेली.

आणि दहाच्या आतलं काम कळवायचं नाही, असंही नाही. घराच्या रचनेत भर, फेरफार, विस्तार, घर भाड्याने देणं, घराचा वापर बदलणं, हे सगळं होईल तसं कंपनीला कळवा, असं पॉलिसीत वेगळं लिहिलेलं आहे. वापर बदलणं यात काय काय येतं याचा विचार केला की आपल्या इमारतींची यादीच होते. खालच्या मजल्यावर हॉलला काचेचं पार्टिशन घालून दहावीचे क्लासेस. तिसऱ्यावर ओटा दुप्पट करून, दोन व्यापारी सिलिंडर आणून, पन्नास डब्यांचा व्यवसाय. पाचव्यावर मुलाची खोली सजवून रात्रीच्या हिशेबाने पाहुण्यांना. तिघांच्याही पॉलिसीवर 'स्वतःच्या निवासासाठी' असं छापलेलं.

क्लेमच्या दिवशी सर्व्हेअर येतो. तो कंपनीचा शत्रू नसतो आणि तुमचा भाऊही नसतो. त्याच्या हातात घराचा कागद असतो आणि समोर घर असतं. दोन्हींची गाठ त्या दिवशी पहिल्यांदा पडते.

"इथे भिंत दाखवलीय."

"ती काढली."

"कधी?"

"मागच्या पाडव्याला."

"पॉलिसी रिन्यू केली ती कधी?"

"मे महिन्यात."

"तेव्हा कळवलं नाहीत?"

"तुमच्या माणसाने विचारलंच नाही."

या शेवटच्या वाक्यावर कितीतरी क्लेम अडकून पडले असतील. विमा हा करार परस्परांच्या पूर्ण प्रामाणिकपणावर उभा असतो, असं विम्याचं पहिलंच तत्त्व सांगतं. आपली समजूत मात्र अशी की प्रामाणिकपणा विचारल्यावर द्यायचा असतो.

इथवर हसायला हरकत नव्हती. भिंतीचा विषय पुढे नेला की हसू थांबवावं लागतं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमध्ये एक चार मजली इमारत कोसळली. सतरा माणसं गेली. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत दुरुस्तीचं काम चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावला गेला, असा आरोप झाला, अटक झाली. १० फेब्रुवारी २०२२ ला गुरुग्रामच्या चिंटल्स पॅराडिसो या संकुलात सहाव्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये फरशीचं काम चालू असताना जमीन खाली आली आणि एकेक मजला घेत पार खालपर्यंत गेली. दोन महिलांचा जीव गेला. ती इमारत काही जुनाट चाळ नव्हती. पुढे आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आणि त्याने गंजलेलं लोखंड सापडलं. इमारत आतून आजारी होती, आणि सहाव्या मजल्यावर नवी फरशी बसत होती.

अशा वेळी पॉलिसी काय म्हणते? 'इमारत कोसळणे' असा स्वतंत्र धोका तिच्या यादीत नाही. जमीन खचणं आहे, दरड आहे. पण त्याच कलमाच्या पोटात अपवाद आहेत: सदोष रचना, सदोष कारागिरी, सदोष माल; आणि कुठल्याही मालमत्तेची पाडापाडी, बांधकाम, रचनेतले फेरफार, दुरुस्ती किंवा खोदकाम. 'कुठल्याही' हा शब्द नीट वाचा. फक्त तुमच्या घरातलं काम असं म्हटलेलं नाही. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासासाठी तीन मजले खोल खड्डा खणताहेत आणि तुमच्या कंपाउंडची भिंत त्यात कलली, तरी हेच कलम पुढे येणार. पुण्या-मुंबईत सध्या शेजारच्या प्लॉटवर खड्डा नाही, असं घर दाखवा.

तुमची पाडलेली भिंत खालच्याच्या सज्ज्यावर पडली तर त्याच्या पॉलिसीत ते 'बाहेरची वस्तू आदळणं' म्हणून बसू शकतं. त्याला पैसे मिळतील. मग त्याची कंपनी वसुलीसाठी तुमच्याकडे येऊ शकते, तो हक्क विम्यात असतोच. एरवी जिन्यात न बोलणाऱ्या शेजाऱ्याशी निदान वकिलामार्फत तरी बोलणं होईल.

सोसायटीच्या आदर्श उपविधींत कमिटीच्या लेखी परवानगीशिवाय फ्लॅटमध्ये फेरफार करायचे नाहीत असं स्पष्ट आहे. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तिशीपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, असंही आहे. ऑडिट होतं. अहवाल येतो. त्यात 'अमुक फ्लॅटमधील तुळईला छेद' असं लिहिलेलं असतं. तो अमुक फ्लॅट खजिनदारांचा असतो.

विजेचं प्रकरण तर आणखी गमतीदार. नवं घर म्हणजे तीन एसी, इंडक्शन, डिशवॉशर, गीझर दोन, आणि छतात लपवलेले चाळीस दिवे. मीटरवरचा मंजूर भार मात्र ज्या काळात घरात एक फ्रिज आणि चार ट्यूबलाइट होत्या त्या काळचा. भार वाढवून घ्यायला वीज कंपनीकडे अर्ज करावा लागतो; तो कुणी करत नाही, कारण 'चालतंय ना'. फॉल्स सीलिंगच्या वरच्या अंधारात जुन्या वायरीला नवी वायर जोडून वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. छताची उंची सहा इंच कमी होते, त्या सहा इंचांत काय चाललंय ते पुढची दहा वर्षं कुणी बघत नाही.

पॉलिसी इथे फार बारीक बोलते. शॉर्ट सर्किटने, जादा दाबाने किंवा गळतीच्या विजेने जे यंत्र बिघडलं, त्या यंत्राचे पैसे नाहीत. त्यातून आग पसरली आणि बाकीचं घर जळलं, तर त्या बाकीच्याचे आहेत. एसी जळाला तर तुमचा, एसीखालचा पलंग जळाला तर कंपनीचा. ज्यांचा एसी एकट्यानेच शांतपणे जळतो त्यांचा या पॉलिसीवर राग असतो.

घराचा धोका खरोखर कमी करणारं काम कुठलं, तर जुनी वायरिंग उपसून नवी टाकणं, अर्थिंग तपासणं, गळतीची वीज तोडणारा ब्रेकर बसवणं. खर्च त्या लाकडी पट्ट्यांच्या भिंतीच्या आसपास. पण एमसीबीचा बोर्ड पाहुण्यांना दाखवता येत नाही. 'या ना, आमचं अर्थिंग बघायला या' असं गृहप्रवेशाच्या पत्रिकेत मी तरी वाचलेलं नाही.

बाथरूमबद्दल थोडक्यात. पाइप फुटला, टाकी ओसंडली तर विमा आहे. हळूहळू झिरपणारं पाणी ही जीर्णता, तिला विमा नाही. आपल्याकडे पाणी फुटत नाही, झिरपतं. नव्या टाइल्स जुन्या टाइल्सवरच चिकटवल्या, खालच्या पाणी अडवणाऱ्या ब्रिकबॅट कोब्याला हात लावला नाही, सहा महिन्यांत खालच्यांच्या देवघरावर नकाशा उमटला. त्यांचं नुकसान तुमच्या पॉलिसीत येत नाही, कारण ही पॉलिसी तुमच्या घराची आहे, तुमच्या जबाबदारीची नाही. दुसऱ्याच्या नुकसानीचं कलम वेगळ्या, जास्त महागड्या गृहस्थी पॉलिसीत असतं. ती घेण्याऐवजी 'तुमच्याकडेच आधीपासून ओल होती' हे वाक्य लोक पिढ्यानपिढ्या वापरतात. त्याला हप्ता नाही.

काम चालू असतानाचे दिवस हा वेगळाच मामला. कुटुंब माहेरी, किल्ली मुकादमाकडे, सामान पोत्यात बांधून बेडरूममध्ये. भारत गृह रक्षेत साध्या चोरीला संरक्षण नाही. आग, पूर, दंगल अशा एखाद्या विमित घटनेपाठोपाठ सात दिवसांत झालेली चोरीच धरतात. म्हणजे आधी पूर यायला हवा. तुमच्या पोत्यातला मिक्सर कोरड्या दिवशी गेला तर तो गेला. माहेरी राहण्याऐवजी भाड्याने खोली घेतलीत तर तेही पैसे नाहीत. पर्यायी जागेचं भाडं मिळतं ते विमित घटनेने घर राहण्याजोगं उरलं नाही तेव्हा. घर आपण स्वतः होऊन राहण्याजोगं ठेवलं नसेल तर नाही.

आणि तो लादीवाला, जो मास्कशिवाय, चपलेवर, कटर हातात धरून मार्बल कापतोय. रंगारी, जो बाहेरच्या बाजूने बाराव्या मजल्यावर झुल्यावर बसलाय. आपण मार्बलची वॉरंटी विचारतो, रंगाची सात वर्षांची हमी लिहून घेतो. कंत्राटदाराने कामगारांचा नुकसानभरपाईचा विमा काढलाय का, हे विचारणारा घरमालक आणि 'काढलाय' म्हणणारा कंत्राटदार या दोघांनाही एकाच दिवशी एकाच घरात बघायची माझी इच्छा आहे.

बिलाचं सांगायचं राहिलं. १८ लाखांतले किती पक्के? 'बिल हवं असेल तर जीएसटी लागेल, साहेब' असं कंत्राटदार म्हणतो, आणि साहेब, जे एरवी देशाच्या अर्थव्यवस्थेवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये रोज सकाळी लिहितात, लगेच 'नको' म्हणतात. उरतो एक वहीचा कागद, त्यावर पेनाने 'किचन ४ ५०', आणि खाली 'बाकी दिवाळीनंतर'. आगीनंतर सर्व्हेअर पुरावा मागतो तेव्हा तो कागदही जळलेला असतो, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. वाचवलेला कर क्लेममधून वजा होतो, नुसता कर नाही, अख्खं किचन.

कोकणात वेगळी तऱ्हा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतली कौलं पत्त्यांसारखी उडवली, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, आणि त्यानंतर गावोगाव घरं सुधारली. कौलं काढून पत्रे आले. पडवीला ग्रिल आणि सरकत्या खिडक्या लावून खोली झाली. मागच्या अंगणात शेड. आता पडवी हाही व्हरांडाच, म्हणजे तोच पावपट हिशेब तिलाही लागू. छतावर सोलर आलं, कारण केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटपासून पुढे ७८ हजारांचं अनुदान मिळतं. पॉलिसीत सौर पॅनल इमारतीचाच भाग धरतात, फक्त त्याची किंमत रकमेत वाढवून घ्यायची असते. अनुदानासाठी पॅनलचे फोटो सरकारला चारही बाजूंनी पाठवलेले असतात. त्यातला एक विमा कंपनीला पाठवायला काही पडत नाही.

त्याच घरातला मुलगा न्यू जर्सीत असतो. तिथे मागच्या अंगणात लाकडी डेक बांधायचा तर तो आधी नगरपालिकेचं परमिट काढतो, मग विमा एजंटला मेल करतो, पोहण्याचा तलाव केला तर कुंपण घालतो, मुलांना ट्रॅम्पोलिन आणलं तर तेही सांगतो. तिथे कर्ज देणाऱ्या संस्थेला घराचा विमा लागतोच, आणि पुराचा विमा तर वेगळा काढावा लागतो. छत नवं केलं की हप्ता कमी होतो का हे तो स्वतः फोन करून विचारतो. सुट्टीत इथे आला की वडिलांना म्हणतो, "बाबा, ही मधली भिंत काढून टाका ना, किती मोकळं वाटेल." विमानतळावर उतरतानाच त्याचा एजंट कुठेतरी हरवतो.

करायचं काय, तर फार मोठं नाही. काम सुरू व्हायच्या आधी कंपनीला मेल: काय पाडणार, काय वाढवणार, किती खर्च. सोसायटीची परवानगी आणि इंजिनिअरचा दाखला सोबत. काम संपलं की नवं क्षेत्रफळ, नवी रक्कम, पक्की बिलं, आणि जो पुरवणी कागद येईल तो घराबाहेर कुठेतरी ठेवायचा. त्याउप्पर कंपनीने आडमुठेपणा केला तर विमा लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे आहेत, ५० लाखांपर्यंतचे वाद ते बघतात आणि फी घेत नाहीत. फुकट असूनही आपल्याकडे तिथे रांग लागत नाही, याचा अर्थ आपण सुखी आहोत असा काढू नये. तिथे जायला आधी पॉलिसी लागते.

एवढं वाचून कुणी म्हणेल, माझं नसलं तरी सोसायटीचं आहे ना. आहे. आदर्श उपविधींप्रमाणे इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा सोसायटीने काढलाच पाहिजे. वार्षिक सभेत हा विषय चहा येण्याच्या जरा आधी निघतो आणि चहाबरोबर निघून जातो. तरी या वेळी सेक्रेटरींकडे पॉलिसीची प्रत मागून बघा. ते म्हणतील ऑडिटरकडे आहे. ऑडिटर म्हणतील मागच्या कमिटीकडे. मिळालीच, तर त्यावरची इमारतीची रक्कम वाचा; ती बहुधा ज्या वर्षी बिल्डरने हस्तांतरण केलं त्या वर्षीची असेल. आणि त्यात तुमचं किचन, तुमचं सीलिंग, तुमची इटली काहीच नसेल. मग प्रत हातात तशीच धरून गच्चीवर जा. गळती थांबवायला गेल्या पावसाळ्याआधी अख्ख्या गच्चीवर घातलेली ती पत्र्याची शेड, तिच्या बाजूचा मोबाइल टॉवर आणि वर बसवलेले सोलर हीटर. कमिटीने एकमताने मंजूर केलेली कामं आहेत ही. आता पॉलिसीत शोधा.